नावं ठेवलेला कॅमेरा

मधुकर निकमनं बोट पहिल्यांदा बघितली ती कलकत्त्याजवळच्या बजबजच्या घाटावर, आणि बघून तो पायरीवर मटकन खालीच बसला. आटपाडीकडचा गडी. पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघायचं, एवढंच त्याला ठाऊक. आणि इथं गंगेवरून चाळीएवढं लोखंडी धूड, हाक नाही की आरोळी नाही, गुमान निघालेलं. "येवढं घर हलतंय, आन् जू बी न्हाई, बैल बी न्हाई," असं तो बोलून गेला. कलकत्त्यातले आम्ही गाववाले अजून त्याला त्यावरून छेडतो.

तो इकडं आला तो आमच्याकडची निम्मी पोरं जशी आली तसाच, चुलत्याच्या मागं, बडाबाजारात सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर. भट्टीचा धूर छातीला सोसेना, तेव्हा तारातल्याला एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटला. बेहाल्यात बिऱ्हाड केलं, करगणीची विजया करून आणली, त्यांची सुरुची आता कॉलेजात जाते. बंगाली तो झक्क बोलतो. मराठी मात्र आटपाडीचीच, त्यात काडीचा बदल नाही. मंडळाच्या गणपतीत त्याला पुण्याचा चिन्मय भेटला, न्यू टाउनला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेला. त्यानं एकदा हसत हसत म्हटलं, काका, 'न्हाई' नव्हे, 'नाही'. मधुकर म्हणाला, "तुजं नाही तुला लखलाभ. माजं न्हाई मला पुरतं." तेव्हापासून त्या दोघांचं जे जमलं ते जमलंच.

पहिल्या बोटीचं वेड काही उतरलं नाही. रविवार उजाडला की माझेरहाटहून बजबज लोकल धरायची आणि घाटावर जाऊन बसायचं. भरती लागली की बोटी वर सरकतात, कुठल्या कुठल्या मुलखाच्या. ह्याला त्यांची नावं वाचायची असतात, कठड्याला टेकून कोण उभं आहे ते बघायचं असतं, आणि घरी येऊन ते विजयावैनीला दाखवायचं असतं. घोडं अडायचं ते इथंच. फोन काढून फोटो घेतला की मोठं राखाडी पाणी, त्यावर मोठं राखाडी आभाळ, आणि मधे एक काळा ठिपका. वैनी चष्मा कपाळावर सारून बघायच्या आणि विचारायच्या, ह्यात बोट कुठं हाय. हा बोट ठेवून दाखवायचा.

"ही व्हय? मला वाटलं काचंवर मुंगी मेलीया."

बोटीवर माणसं राहतात, तिथंच शिजवतात, तिथंच झोपतात, हे तो जीव तोडून सांगायचा. वैनी भाकरी थापता थापता हुं हुं करायच्या. त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण ज्या मुंगीसाठी हा माणूस दर रविवारी बाजारहाट टाकून पळतो तिच्याबद्दल त्यांना काही माया नव्हती. शेवटी गेल्या वर्षी दुर्गापूजेचा बोनस हातात आला तेव्हा त्याच म्हणाल्या, की घ्या एकदाचा कॅमेरा आणि दाखवा काय दाखवायचं ते. पण बोनसात बसंल तेवढाच. वर एक रुपया मागितला तर मुंगी बरी.

झालं, चिन्मयला घेऊन स्वारी धर्मतल्ल्याला कॅमेऱ्यांच्या गल्लीत गेली. पहिल्याच दुकानात पोरानं एक मोठा काळा कॅमेरा पुढ्यात ठेवला. मधुकरनं तो आधी हातात तोलला, मग पुढून बघितला, मग मागून, मग पोटाखालून. चिन्मय सांगतो की दुकानदार जरा घाबरलाच. ह्यानं दूरची बोट जवळ दिसंल का, असं विचारलं तर पोरगा म्हणाला, ह्या लेन्सनं नाही, त्याला ही लेन्स लागेल, आणि त्यानं कपाटातून एक नळकांडं काढलं. नळकांड्याची किंमत कॅमेऱ्याहून मोठी. मधुकरनं ते दोन्ही हातांनी परत केलं, लेकरू परत करावं तसं.

चिन्मयनं मग त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. लेन्स बदलायचे कॅमेरे भारी असतात, पण काकांना बदलायचंय कशाला? एकच लांब नाकाची लेन्स अंगाला जोडलेली असते असा एक प्रकार असतो, त्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. उन्हात चांगला चालतो, अंधार पडला की रडतो. नवा तोही बोनसाबाहेर जाईल, वापरलेला मिळाला तर बसेल. फक्त एक गोष्ट बघायची. ह्या शहराची हवा ओलसर, त्यामुळं लेन्सच्या आत बुरशी धरते. बारीक पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यागत. एकदा आत शिरली की कॅमेऱ्याचा डोळा गेलाच समजा. गल्लीत वापरलेले दोन होते. दुकानदारानंच टॉर्च मारून दाखवलं, आणि दोन्हींत जाळं. चिन्मय म्हणाला, काका, दुकानातला नको, कुणीतरी घरात जिवापाड सांभाळलेला शोधा.

तो सापडला दोन गल्ल्या पलीकडं. बातमी आणली सुरुचीनं. तरुणकांती भादुडी नावाचे म्हातारे मास्तर आहेत, शाळेत भूगोल शिकवायचे. पोरं त्यांना जेठू म्हणतात, इथं शेजारच्या वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात. ते गच्चीवरून चांदोबाचे फोटो काढायचे. गुडघे गेले, गच्ची सुटली. लांब नाकाचा कॅमेरा आहे आणि चांगल्या माणसाला द्यायचाय, असं ते औषधाच्या दुकानात बोलले होते.

आता पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. खरसुंडीच्या जत्रेत खोंड घ्यायला गेलेला माणूस, जे खोंड मनात भरलं त्याच्याकडं आधी बघतच नाही. शेजारचं बघतो, त्याच्या शेजारचं बघतो, मग वाट चुकल्यासारखा तिथं येतो आणि नावं ठेवायला लागतो. शिंग बारीक आहे. खूर फाकलाय. वशिंड एका अंगाला कललंय. विकणारा रागावत नाही. उलट नावं ठेवली नाहीत तर त्याला वाटतं, हे गिऱ्हाईक खरं नव्हे, चहा प्यायला आलंय. जेवढी नावं जास्त तेवढी ओढ जास्त, हे दोघंही ओळखून असतात. शिवाय चांगल्याला तोंडावर चांगलं म्हटलं की दृष्ट लागते ती वेगळीच. मधुकरचा बाप ह्यात असा पटाईत, की त्यानं नावं ठेवायला सुरुवात केली की भोवती माणसं गोळा व्हायची. मधुकर हे सगळं त्याच्या धोतराला धरून शिकला.

भादुडीबाबूंच्या बैठकीत त्यानं तेच केलं. आधी भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. मग घड्याळाकडं. भादुडीबाबूंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, घट्ट झाकण उघडलं, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा बाहेर काढला. डब्यात तळाशी ओल शोषणारी पाकिटं होती. ती ते दर महिन्याला तव्यावर शेकून परत ठेवायचे. मधुकरनं ओळखलं. हाच तो. पण चेहरा बापानं शिकवल्यासारखा, दगडाचा.

जड आहे, तो म्हणाला. भादुडीबाबू म्हणाले, हो, थोडा जड आहेच. नाक फार लांब आहे. हो, ते तसंच असतं. कोपऱ्यावरचा रंग उडालाय. खरं आहे. हे बटण खिळखिळं लागतंय. भादुडीबाबूंनी बटण दाबून बघितलं आणि मान हलवली. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा खाली उतरत होता, आणि मधुकरला वाटत होतं की सौदा रंगात येतोय. मग त्यानं खिशातून टॉर्च काढला आणि लेन्समधून आत बघितलं. आत काही म्हणजे काही नव्हतं, खिल्लारी खोंडाच्या डोळ्यासारखी लख्ख काच. त्या आनंदाच्या भरात त्यानं शेवटचा डाव टाकला.

"आत जरा बुरशी धरल्यागत वाटतीय."

म्हणाला तो बंगालीत, पण 'धरल्यागत वाटतीय'चा ठसका आटपाडीचाच असणार. भादुडीबाबूंनी कॅमेरा त्याच्या हातातून हळूच घेतला, पुसला, फडक्यात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.

"निकमबाबू, खराब वस्तू मी तुम्हाला कशी देऊ?" ते म्हणाले. "चहा घ्या."

मधुकरनं चहा घेतला आणि उठला. ही पण रीतच. उठायचं, चपला सावकाश घालायच्या, रमत गमत निघायचं. वळणापर्यंत जायच्या आत मागून हाक येते, आणि मग खरी किंमत बोलली जाते. भादुडीबाबू दारापर्यंत आले, पुन्हा या म्हणाले, जसं इथं सगळेच म्हणतात, आणि दार लावून घेतलं. मधुकर कोपऱ्यावरच्या विड्याच्या टपरीपाशी बराच वेळ उभा राहिला. हाक आली नाही. घरी येऊन त्यानं वैनीला सांगितलं, उद्या येतंय बघ बोलावणं, पुरता गार केलाय म्हाताऱ्याला.

उद्या आलं नाही, परवा आलं नाही. आठवडा गेला, पूजेच्या मांडवांचे बांबू उभे राहायला लागले, तरी बोलावणं नाही. मग एका संध्याकाळी सुरुची औषधाच्या दुकानातून आली ती तशीच बापापुढं उभी राहिली. पोरगी इथंच जन्मलेली, तिच्या मराठीला बंगाली वळण आहे.

"बाबा, तुम्ही जेठूंना बुरशी बोललात? ते किती दुःख पावले. रोज टॉर्च घेऊन आत बघत बसतात. आता म्हणतात, दुर्गापूरच्या भाच्याला देऊन टाकतो, तो नावं ठेवणार नाही."

मधुकरचा घास हातातच राहिला. दुर्गापूरचा भाचा म्हणजे कॅमेरा गेला. असा स्वच्छ, असा सांभाळलेला, आणि बोनसात बसणारा दुसरा ह्या ओल्या शहरात कुठं मिळायचा? त्यानं बायकोला पटवायचा प्रयत्न केला, की मी काही वाईट बोललो नाही, नावं ठेवली म्हणजे पसंत आहे असाच अर्थ होतो, शेंबड्या पोरालाही कळतं.

"खरसुंडीच्या पोराला कळतं," वैनी म्हणाल्या. "त्ये मास्तर हाईत, हेडी न्हवंत. जावा आन् खरं सांगा."

"खरं सांगून कुनी खोंड घेतलंय का आजवर?"

"मग बसा मुंगी बघत."

हेडी म्हणजे आमच्याकडचा जनावरांचा दलाल. मधुकर त्या दिवशी गेला नाही, दुसऱ्या दिवशी गेला. वैनीनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. भादुडीबाबूंनी ती भिडेखातर चमचाभर तोंडात टाकली आणि पाणी प्यायला आत गेले. डोळे पुसत बाहेर आले तोवर मधुकरनं मनाशी काय बोलायचं ते जुळवलेलं होतं, पण ते सगळं विसरून त्यानं सरळ बाजारच सांगायला सुरुवात केली. खोंड, शिंग, खूर, वशिंड, बाप, दृष्ट. उठून बैठकीत दोन पावलं रमत गमत चालून दाखवली, हाकेची वाट बघत माणूस कसा चालतो ते. भादुडीबाबू आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग म्हणाले, म्हणजे त्या दिवशी टपरीपाशी तुम्ही त्यासाठी उभे होता? मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं तुमच्या पोटात कळ आली.

मग मधुकरनं फोन काढून फोटो दाखवले. पाणी, आभाळ, ठिपका. पाणी, आभाळ, ठिपका. भादुडीबाबू एकेक सरकवत होते आणि मधुकर एकेका ठिपक्याची हकीकत सांगत होता. ही लाल पोटाची, हिच्यावर वाळत घातलेलं कपडं होतं. ही आली त्या दिवशी पाऊस होता. इतके ठिपके बघून झाल्यावर भादुडीबाबूंना हसू आवरेना. त्यांनी अट घातली. रविवारी दोघांनी घाटावर जायचं, कॅमेरा डोळ्याला लावायचा, आणि मग जे बोलायचं ते बोलायचं. फक्त खरं.

गुडघ्यांचं काय करणार, असं विचारल्यावर ते म्हणाले, गुडघे दुखतात ते गच्चीवर चढताना. नदीकडं उतरताना बघू.

रविवारी सखेर बाजारहून मेट्रो, पुढं बजबज लोकल. गाडीत भादुडीबाबूंना खिडकी मिळाली आणि ते आक्रा गेलं, नुंगी गेलं, असं एकेक स्टेशन मोठ्यानं सांगत राहिले, जणू वर्ग भरलाय. घाटावर वारा होता, भरती चढत होती. पाय लांब करून बसले. बराच वेळ काही आलं नाही, दोन होड्या आणि एक ओंडका. मग वळणावरून एक निळी बोट निघाली, संथ, भरल्या पोटाच्या म्हशीसारखी. भादुडीबाबूंनी कॅमेरा मधुकरच्या हातात दिला, पट्टा स्वतः त्याच्या गळ्यात घातला, आणि झूमचा खटका कुठं आहे ते बोट धरून दाखवलं.

मधुकरनं डोळा लावला. खटका दाबला. नाक पुढं सरकलं आणि बोट धावत त्याच्या अंगावर आली. आधी गंजाचे ओघळ. मग पांढरी अक्षरं. मग कठडा. मग मागच्या बाजूला दोरीला टांगलेला एक वाटीएवढा आरसा, आणि आरशापुढं बनियनवर उभा असलेला एक गडी, अर्ध्या तोंडाला साबण.

"आरं तिच्या, दाढी करतोय," मधुकर म्हणाला. "मास्तर, ह्यो दाढी करतोय."

बटण दाबा, भादुडीबाबू बाजूनं सांगत होते, आधी बटण दाबा. दाबलं. पुन्हा दाबलं. बोट पुढं निघून गेली तरी ह्याचा डोळा काही हलेना. आणि मग त्याच्या तोंडातून जे निघालं ते बापानं ऐकलं असतं तर काठी उगारली असती. काय देखणं जनावर हाय, काय नजर हाय, काय अंग हाय, हातात कसं बसतंय, ह्याच्यापुढं दुकानातलं नळकांडं म्हंजे केरसुणी. सगळं मराठीत, गळ्यातल्या कॅमेऱ्यावरून हात फिरवत. भादुडीबाबूंना मराठीचा एक शब्द कळत नाही. पण कान लाल झाले होते त्यांचे.

त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, आता माझं ऐका, तुम्ही खरं बोललात, आता मीही बोललं पाहिजे. बॅटरी थंडीत लवकर उतरते. मधुकर म्हणाला, उतरू द्या, मी खिशात उबेला ठेवीन. तिन्हीसांजेला फोटो दाणेदार येतात. तिन्हीसांजेला मी लोकलमध्ये असतो. ते बटण खरंच खिळखिळं आहे, तुम्ही बरोबर ओळखलंत.

"कसलं खिळखिळं? लोण्यागत चालतंय."

आणि अशा एकेका खोडीमागं भादुडीबाबू किंमत उतरवत होते, आणि मधुकर उतरवू देत नव्हता. घेणारा वर ओढतोय, देणारा खाली. बजबज स्टेशनच्या फलाटावर हे दोघं असे हातघाईवर आले की चहावाल्याला वाटलं भांडण जुंपलंय. तेव्हा मधुकरनं खांद्यावरचा गमछा काढला, भादुडीबाबूंचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही हातांवर गमछा टाकला. आमच्याकडं सौदा असाच होतो, किंमत तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून सांगतात. एक बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय, हे त्यानं तिथंच शिकवलं. भूगोलाचे मास्तर, पण पहिल्यांदा बोटं अशी दाबली की कॅमेऱ्याच्या किमतीत निळी बोटच आली असती. फलाटावरची माणसं जादूचा खेळ आहे समजून भोवती उभी राहिली. भादुडीबाबू लहान पोरागत खुदखुदत होते. पुन्हा दाबली, पुन्हा चुकली. लोकल शिरली तेव्हा कुठं दोघांनी माना डोलावल्या. आकडा काय ठरला तो मला ठाऊक नाही, वैनीलाही नाही. गमछ्याखालचं बाहेर सांगायचं नसतं. बोनसात बसला, एवढं मात्र खरं, कारण वैनी नंतर काही बोलल्या नाहीत.

घरी येऊन त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर दाढी करणाऱ्याचा फोटो उघडून वैनीपुढं धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मग परत डोळ्यावर घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. सुरुची म्हणाली, आई, भाकरी जळतेय.

"जळू दे," वैनी म्हणाल्या. "ह्याच्या कानामागं साबन राह्यलाय. कुनी सांगनारं न्हाई का बोटीवर?"

पुढच्या रविवारी त्या स्वतःच डबा भरून तयार. तेव्हापासून घाटावर आता तिघं असतात. भादुडीबाबूंचे गुडघे लोकलमध्ये दुखत नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे. आदल्या रात्री ते भरतीची वेळ बघून ठेवतात, आणि बोट दिसली की विकून टाकलेला कॅमेरा हात पुढं करून मागतात. मधुकर देत नाही, आधी मी, म्हणतो. त्यांची कुरबुर चालू असते, तेवढ्यात वैनी पट्टा धरून दोघांच्याही हातांतून कॅमेरा ओढून घेतात. परवा मी गेलो होतो तेव्हा त्यांनी डोळा लावला होता आणि बोटीवरच्या कुणाला तरी हात करत होत्या.

"त्याला न्हाई दिसायचं गं, येवढ्या लांबनं," मधुकर म्हणाला.

"गप बसा," वैनी म्हणाल्या. "मला दिसतोय न्हवं."